दोलोरोसेची जीप

२२ फेब्रुवारी, रविवार

ही वही रोवेनानं दिली, आणि दिली ती पाण्याची उष्णता आणि बॅटरीचे व्होल्ट लिहून ठेवायला. माझी लेक मालवाहू जहाजावर तिसरी इंजिनियर आहे. तिथे दर चार तासांनी इंजिनाचे सगळे काटे बघून वहीत उतरवतात म्हणे. सुट्टीवर घरी आली आणि दोन दिवसांत माझ्या जीपमध्येही दोन काटे बसवून मोकळी झाली. डावीकडचा पाण्याचा, उजवीकडचा व्होल्टचा.

"तातय, आकडे लिहायचे. मतं नाहीत," असा हुकूम आहे.

आकडे लिहीन. पण एवढी जाडजूड वही नुसत्या आकड्यांवर घालवायला मी काही जहाज नाही. बापाला मतं आहेत, ती कुठेतरी जाणारच.

या जीपचा स्टेनलेस पत्रा मी स्वतः कापला, ठोकला आणि घासून असा आरसा केला की माझी बायको बेलेन त्यात केस विंचरते. इंजिन जपानहून भंगारात आलेल्या सेडानचं, गिअरबॉक्स दुसऱ्याच गाडीचा, मागची धुरा तिसऱ्याच गाडीची. अशा एकशे बारा जीपा मी आजवर उभ्या केल्या. पंक्चर काढण्यापासून सुरुवात केलेल्या माणसाला हे थोडं नाही. एकीलाही काटे नव्हते. मला कान होते. बॉनेटवर हात ठेवून कान दिला की इंजिन आपण होऊन कबुली देतं.

आज: पाणी ६४. व्होल्ट १३.९. चौसष्ट! सरोवराकाठच्या या उन्हात! एवढं थंड इंजिन गावात दुसऱ्या कुणाचं असेल तर दाखवा.

२४ फेब्रुवारी

चौसष्टचा आकडा मी मोठ्या तोऱ्यात दाखवला. रोवेनाचं तोंड बघण्यासारखं झालं.

"थर्मोस्टॅट कुठंय?"

"काढून टाकला. सगळेच काढतात. पाणी अडवून इंजिन गरम ठेवायला आपल्याकडे काय बर्फ पडतो?"

"तातय, माणसाचं अंग चौतीस डिग्री लागलं तर तुम्ही शाबासकी देता की डॉक्टरकडे नेता?"

मी म्हटलं, माझ्याकडे एकशे बारा गिऱ्हाइकं आहेत, एकानंही तक्रार केलेली नाही. तिनं एक स्पार्क प्लग काढून माझ्या तळहातावर ठेवला. काळा कुळकुळीत, चुलीतून काढल्यासारखा.

संध्याकाळी तिनं नवा थर्मोस्टॅट बसवला. मी लांब उभा राहिलो, माझा त्यात काही संबंध नाही असा.

२८ फेब्रुवारी

पाणी ८७. व्होल्ट १४.०. रोवेना म्हणते हीच इंजिनाची तब्येतीची उष्णता, ब्याऐंशी ते ब्याण्णवच्या मधली. पहिले दोन दिवस काटा सत्तरच्या वर चढला की माझा पाय आपोआप ब्रेककडे जायचा.

पेट्रोल कमी लागतंय. हे फक्त वहीला सांगतोय.

१ मार्च, रविवार

दोन्या इल्देनं, वाड्यातल्या बाईसाहेबांनी, बोलावलं. गावात तिच्याकडून बोलावणं आलं की माणूस आधी अंघोळ करतो.

दुःखी मातेची, दोलोरोसेची मूर्ती तिच्या घराण्याकडे पाच पिढ्या आहे. पवित्र आठवड्यात बुधवारी आणि गुड फ्रायडेला मिरवणुकीत सगळ्यात शेवटी दोलोरोसेचा रथ निघतो, आणि सगळं गाव तिच्यासाठीच थांबतं. म्हातारी शहाऐंशीची. मूलबाळ नाही. मनिलात एक पुतण्या आहे, त्याला मूर्ती हवीय, काचेत ठेवायला.

गेल्या वर्षी रथामागे भाड्याचा जनरेटर होता. आमच्या निकानोरचा, म्हणजे शेजाऱ्याचा, माझ्या धाकट्या मुलाच्या धर्मपित्याचा. शुक्रवारी चर्चच्या घंटासुद्धा बंद ठेवतात, आणि दुःखी मातेच्या मागे हा धडधडत होता. बाजाराच्या वळणावर तो बंद पडला. माता अंधारात घरी गेली.

"एलेउतेर्यो," दोन्या म्हणाली. मला पूर्ण नावानं हाक मारणारी ती एकटीच, बाकी गावाला मी तेर्यो. "आवाज नको आणि अंधार नको. जमेल?"

"जमेल, दोन्या. माझी जीप रथ ओढेल आणि तिच्यावरच दिवे लागतील. ओढायला चाळीस माणसं लागायची, आता एकही नको. बिचारे आरामात मागून चालतील."

"जमलं तर मूर्ती गावात राहील, तुमच्या घरी. नाही जमलं तर ईस्टरनंतर सोमवारी पुतण्याची गाडी येईल."

घरी आल्यावर बेलेनला सांगितलं. ती भांडी घासत होती. तशीच थांबली. तिची आई दोन्याकडे धुणं धुवायची, दोलोरोसेचे झगे तिच्याच हातून धुतले जात. बेलेन लहानपणी त्या वाड्याच्या मागच्या दारानं आत जायची. ती फक्त म्हणाली, "आपल्या घरी?" आणि परत तीच थाळी घासायला लागली. दोनदा घासली.

७ मार्च

रथावर चोवीस दिवे, ट्रकचे पिवळे. मी नव्या जातीचे पांढरे सुचवले होते, वीज कमी खातात. दोन्या म्हणाली, "त्या उजेडात आई मेल्यासारखी दिसते." विषय संपला.

रोवेनानं हिशेब मांडला. जीप वेगात असली तर वीज बनवणारा अल्टरनेटर चोवीस दिवे हसत खेळत पेलतो. पण मिरवणूक चालते म्हाताऱ्या माणसाच्या पावलानं. इंजिन जेमतेम गुरगुरणार, वीज कमी बनणार, वारा लागणार नाही, पाणी तापणार. "तातय, व्होल्ट साडेतेराच्या खाली आणि पाणी पंचाण्णवच्या वर जाता कामा नये. गेलं तर बझर वाजेल."

"काट्याला बघायचं की रस्त्याला?"

"म्हणूनच बझर."

१२ मार्च

बझर मुका निघाला. आज मुद्दाम सगळे दिवे लावून जीप अंगणात उभी केली. व्होल्ट १२.९ झाले, तरी हूं नाही की चूं नाही. स्वस्तातला माल. रोवेनाला सांगितलं तर माझ्याकडे टक लावून बघत राहिली.

बेलेनचाही स्वभाव चिडका होत चाललाय. "किटली कधीची शिट्टी मारतेय, उठायला काय होतं?" म्हणे. किटलीही बिघडली असणार. यंदा रातकिड्यांनीसुद्धा सुट्टी घेतलीय. सरोवराकाठी एवढी शांतता मी कधी अनुभवली नाही. झोप छान लागते.

१५ मार्च

रोवेना आज माझ्या मागे उभी राहून किल्ल्यांचा जुडगा हलवत होती. वळून बघितलं तर म्हणे, "काही नाही." समुद्रावर महिनोन्महिने राहून पोरीला खूळ लागलंय की काय. बेलेनला म्हटलं, हिला यंदा नारळाच्या दुधातली खीर जास्त करून घाल.

२१ मार्च

पाणी ८९, व्होल्ट १३.६. अंगणात एक तास, सगळे दिवे लावून, रोवेनानं इंजिनाची चाल जरा वाढवल्यावर. बरोबर काठावर.

निकानोर बघायला आला. "पारे, दोस्ता, एवढा कशाला जीव काढतोस? माझा जनरेटर यंदा नव्यासारखा केलाय."

"नव्यासारखा म्हणजे रंग दिलास."

"रंग दिला, नटसुद्धा बदलला एक." मग तो बॉनेटकडे वाकून बघायला लागला. तोंड असं केलं, जसं काही लिंबू चावलाय. "पारे, पंख्याचा पट्टा बघितलास का?"

"त्यात काय बघायचं? मी ऐकतोय ना."

तो रोवेनाकडे बघत होता, रोवेना त्याच्याकडे. तीही पट्टा बदलू म्हणाली, मी हात लावू दिला नाही. माझ्या यशावर जळणारे घरातही आहेत आणि शेजारीही.

१ एप्रिल, बुधवार. मिरवणुकीनंतर

झाली एकदाची. माझ्या मते तरी झक्क.

लोक वळून वळून बघत होते. स्टेनलेसवर चोवीस दिव्यांचा उजेड म्हणजे काय साधी गोष्ट आहे? पहिल्या रांगेतल्या बायका तर डोक्यावरची जाळी दोन्ही हातांनी कानांवर घट्ट धरून चालत होत्या, एवढी भक्ती. एक पोरगं कानांत बोटं घालून उभं होतं. पाद्रेची प्रार्थना लांबते, त्यालाही काय बोलणार.

दिवे मात्र बाजारापासून पुढे विटकरी झाले. व्होल्ट ११.९. पाणी ९८. एवढं कशानं, कळत नाही. इंजिन तर सुरेल चाललं होतं.

परतल्यावर दोन्या इल्दे माझ्यापाशी आली. म्हणाली, "एलेउतेर्यो, आई रडते तेव्हा आवाज करत नाही." शांततेचं कौतुक केलं असणार. पण कौतुक करताना माणूस हसतो, ती हसली नाही.

२ एप्रिल, गुरुवार

आज खरं कळलं. 

सकाळी रोवेनानं जीप अंगणात काढली, दिवे लावले आणि विचारलं, "काय ऐकू येतंय?"

"इंजिन. झकास आहे."

तिनं बेलेनला हाक मारली. बेलेन आली ती कान दाबूनच. निकानोर कुंपणापलीकडून ओरडला, "अरे बंद करा ते! डुक्कर कापताय का?"

मी तिघांच्या तोंडांकडे बघत होतो. मला इंजिनाखेरीज काहीच ऐकू येत नव्हतं.

रोवेनानं इंजिन बंद करून माझा हात अल्टरनेटरच्या चाकावर टेकवला. चटका बसला. जळक्या रबराचा वास आला. नाक मात्र अजून आहे. पट्टा घसरत होता. गुळगुळीत होऊन गेलेला पट्टा चाकावर घसरतो तेव्हा किंचाळतो, हे मी पोरांना शिकवत आलोय. घसरला की पंखा नीट फिरत नाही आणि अल्टरनेटरही. पाणी चढतं, व्होल्ट पडतात. दोन्ही काटे मला ओरडून तेच सांगत होते.

"बझरसुद्धा वाजतो, तातय," रोवेना म्हणाली. "बाराव्या तारखेलाही वाजत होता. बारीक आवाज तुमचे गेलेत."

तेहेतीस वर्षं स्टेनलेस घासतोय. कानांत कधी कापूससुद्धा घातला नाही. माणूस आपल्या कानांवर एवढा गर्व करतो, तो त्यांत कापूस कशाला घालेल?

मी निकानोरला म्हटलं, "तुला ठाऊक होतं?"

"पारे, दोन वर्षं मी तुझ्याशी ओरडून बोलतोय. तुला वाटलं माझा गळाच तसा आहे?"

म्हणजे काल अख्ख्या गावानं दुःखी मातेच्या पुढे डुक्कर कापलेलं ऐकलं, आणि मी लोकांना मान डोलावून नमस्कार करत होतो.  

नवा पट्टा आणणार कुठून? आज आणि उद्या सगळी दुकानं बंद. निकानोर गेला आणि अर्ध्या तासानं स्वतःच्या जीपचा पट्टा काढून घेऊन आला. ती जीपही मीच बनवलेली, सत्त्याहत्तरावी, इंजिन तेच. "माझा जनरेटर घेत नाहीस, निदान हा तरी घे," म्हणाला. पट्टा ताणून बसवला. पाणी ८८. व्होल्ट १३.७. तिघांची तोंडं बघितली. सरळ होती.

३ एप्रिल, गुड फ्रायडे. घरी आल्यावर

नीट, क्रमानं लिहितो.

साडेपाचला निघालो. मी चाकामागे, रोवेना दाराला लागून चालत. ठरलं होतं की मी फक्त काटे बघायचे, ऐकायचं काम तिचं. बझरची तार तिनं काढून ठेवली होती. दोन्या इल्दे रथामागे अनवाणी. पट्टा गप्प होता, रोवेना दर थोड्या वेळानं अंगठा दाखवत होती.

तरीही चर्चपासून बाजारापर्यंत पाणी चढत गेलं. ९१. ९४. शाळेपाशी ९७. व्होल्ट १३ आणि मग १२.६. कारण सरळ होतं आणि आम्ही दोघांनीही ते अंगणात धरलं नव्हतं. अंगणात जीप नुसती उभी होती. इथे पहिल्या गिअरचाही वेग माणसाच्या पावलापेक्षा जास्त, म्हणून क्लच अर्धा दाबून, थांबत, ढकलत न्यायची. इंजिन धापा टाकतंय आणि फिरतंय मात्र गोगलगाईसारखं.

बाजाराच्या वळणावर पाणी १०१. दिवे विटकरी व्हायला लागले. गेल्या वर्षी माता अंधारात गेली ती याच वळणावर. मागे मान वळवून बघायची माझी हिंमत झाली नाही. मी एवढंच ठरवलं की इंजिन फुटलं तरी चालेल, दिवे विझवायचे नाहीत.

"न्यूट्रल करा," रोवेना म्हणाली. "गिअर सोडा, रेस वाढवा. पंखाही फिरेल, वीजही होईल."

"आणि हलणार कशी? प्रार्थनेनं?"

दाराच्या दुसऱ्या बाजूला अब्दोन चालत होता, सरोवरातले तिलापिया मासे विकणारा. निघाल्यापासून त्याचा हात जीपच्या मडगार्डवर होता. मला वाटलं, चालून दमला असेल म्हणून टेकलाय. तो खिडकीत वाकला आणि माझ्या तोंडाजवळ येऊन बोलला, हळू नाही, मोठ्यानंही नाही, मला कळेल असं.

"कुया तेर्यो, दादा, माझ्या लेकीचं हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हा मी बोललो होतो, जिवंत असेपर्यंत दर वर्षी आईला ओढीन. सहा वर्षं ओढली. यंदा तुझं इंजिन ओढतंय. माझा नवस काय तुझं इंजिन फेडणार?"

मी म्हटलं, "अरे, मला वाटलं मी तुमचे कष्ट वाचवले."

"कुणी सांगितलं होतं वाचवायला?"

मी गिअर काढला.

जुना दोर रथाच्या मखमलीखालीच होता. कुणी ठेवला हे मी विचारलं नाही, आणि दोन्या इल्दे दुसरीकडे बघत होती. दोर जीपच्या पुढच्या बंपरला बांधला. रांगेतून माणसं निघाली, एकेक करत. चपला काढून बाजूला ठेवल्या. मुख्याध्यापक होते, सलूनवाला होता, निकानोर होता. निकानोरचा कसला नवस आहे हे तीस वर्षांच्या दोस्तीत मला माहीत नव्हतं.

मी हाताचं अॅक्सिलरेटर ओढून ठेवलं. मला जीप सरळ ठेवणं आणि ब्रेकवर पाय ठेवणं, एवढंच काम उरलं. पाणी ९८. ९४. नदीवरच्या पुलापाशी ८९. व्होल्ट १४.१. दिवे पिवळेधमक झाले आणि मागच्या बायकांतून एक "आह" उमटला. तो मला रोवेनानं सांगितला.

मी विचारलं, "आवाज किती होतोय?"

"गुणगुण फक्त."

पण एक आवाज मला आपला आपण ऐकू आला. चाळीस माणसांची अनवाणी पावलं डांबरावर एकत्र घासत होती. जाड, खोल आवाज. तो अजून माझ्याकडे आहे.

५ एप्रिल, ईस्टर

दोन्या इल्दे आमच्या घरी आली. पहिल्यांदाच. बेलेननं चार खुर्च्या पुसल्या, ती पाचवीवर बसली.

तिनं काट्यांचं विचारलं नाही, दिव्यांचं नाही, बुधवारच्या डुकराचंही नाही. घर फिरून बघितलं. माझ्या कारखान्याच्या भिंतीला लागून असलेली खोली तिला पसंत पडली, पण म्हणाली, "ते घासायचं यंत्र इथून हलवायचं. आणि हलवेपर्यंत कानांत काहीतरी घाल, मूर्खा." रोवेनानं टाळ्या वाजवल्या. गुरुवारी ती मला कानांच्या डॉक्टरकडे नेतेय, शुक्रवारी तिचं जहाज.

मग दोन्यानं बेलेनला जवळ बोलावून गळ्यातली किल्ली काढली. झग्यांच्या पेटीची. "तुझ्या आईला ठाऊक होतं कुठला झगा गरम पाण्यात घालायचा नाही. तुला सांगितलंय का तिनं?"

"जांभळा," बेलेन म्हणाली. तिचा आवाज कसा होता ते सांगता येणार नाही. मी तिच्या ओठांवर वाचलं.

पुतण्याला सोमवारी यायची गरज नाही असा निरोप गेला. जीप पुढच्या वर्षीही दिव्यांसाठी राहणार. चाकामागे बेलेन बसणार, कारण तिला काटेही वाचता येतात आणि ऐकूही येतं. हे दोन्यानं माझ्यासमोर सांगितलं, मी नसल्यासारखं.

जाताना मी दारात तिला गाठलं. म्हटलं, "दोन्या, मग मी मोकळाच आहे. माझंही नाव दोराला लावा."

तिनं पिशवीतून कागद काढला. चाळीस नावं, तिच्या वडिलांच्या वेळेपासून चालत आलेल्या घरांची. वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. "जागा नाही. एक्केचाळिसावा लिहिते. कुणी आजारी पडलं तर."

दुपारपासून मी रस्त्यात भेटेल त्याच्या तब्येतीची चौकशी करतोय. बेलेन म्हणते, एवढ्या आपुलकीनं विचारू नकोस, अब्दोन घाबरून घरी गेला.